सात नंबरचं दार कुणी लावलं?

आमच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना तपासून झाला की तीन महिने रॅकवर ठेवतात आणि मग मागच्या खड्ड्यात ओतून टाकतात. किश्शांची अशी काही सोय नाही. ते साठतच जातात, त्यांच्यावर नंबर नसतो, आणि एक काढायला जावं तर चार खाली येतात. एकेकाळी हेच किस्से सांगताना आमची हसून पुरेवाट व्हायची. हल्ली सांगताना मध्येच कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं.

राहुरीत स्टँडपासून जरा आत आमची खाजगी माती-पाणी तपासणी आहे. काम करणारी माणसं चार. मी रिपोर्टवर सही करणारी केमिस्ट, लोंढे मॅडम. शमुवेल साळवे टायट्रेशनला, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब मोजायला. बबनराव नमुने वाळवायला, कुटायला, चाळायला. आणि पूनम कॉम्प्युटरवर. पाचवे साहेब, म्हणजे मालक, पण ते या मंडळात कधीच नव्हते.

मंडळ कसलं? तर 'नववं बंदर' नावाच्या एका परदेशी मालिकेचं. अंतराळातलं एक लांबचं बंदर, तिथं यानं येतात, जातात, मारामाऱ्या होतात. त्या बंदरावर सात नंबरचं एक दार आहे. वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. येणारा-जाणारा त्याला हात लावून पुढं जातो, पण आत कोण आहे ते कुणी बोलत नाही. तीन सीझन झाले, मालिका संपली, दार काही उघडलं नाही! आम्ही ती हिंदी डबिंगमध्ये, पूनमच्या मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत पाहिली. रोज अर्धा तास, चार डबे आणि एक मोबाईल.

*

बबनराव या मंडळात सगळ्यात शेवटी आले. साठीला टेकलेला माणूस, कुस्त्यांपलीकडे कधी काही पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी यानांची लढाई पाहिली, स्फोट पाहिले, एक अख्खा ग्रह फुटताना पाहिला. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी भाकरी गुंडाळत म्हणाले, "येवढं मोठं बंदर, पन यक मानूस जेवताना दावला न्हाई."

पुढं मालिकेचा आधीचा भाग, म्हणजे प्रीक्वेल येणार अशी बातमी पूनमने आणली. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्यात दार कुणी लावलं ते दाखवणार! त्या दिवशी आम्ही नमुने बाजूला ठेवून तासभर भांडलो. पूनम म्हणाली, आत कप्तानाची बायको आहे. मी म्हणाले, आत काही नाही, माणसं उगीच घाबरतात. बबनरावांनी एकदाच सांगितलं आणि त्यावर ते अजून ठाम आहेत.

"धान्याचं कोठार हाय ते. न्हाईतर ही मानसं खात्यात काय?"

शमुवेलभाऊंनी मात्र अंदाज दिला नाही. वीस वर्षं टायट्रेशन केलेला माणूस. "रंग बदलल्याशिवाय आकडा लिहायचा नसतो," म्हणाले.

*

अंदाज ठेवायचे कुठं? तर नमुन्याच्या कापडी पिशवीत. ही कल्पना शमुवेलभाऊंची. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, पिशवीत घालायची, वर रीतसर लेबल. शेतकऱ्याचं नाव: बबन. पीक: कोठार. आणि लॅब नंबर. मालिका आली की पिशव्या फोडायच्या.

पूनमला वाटलं, पिशवी हरवली तर? म्हणून तिने तिचा अंदाज त्या नंबरसमोर कॉम्प्युटरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात टाकून ठेवला. आता शमुवेलभाऊंनी नंबर घातले होते ते मनाने. पूनमचा नंबर पारनेरकडच्या एका खऱ्या शेतकऱ्याच्या नमुन्याचाही निघाला, आणि तिचा शेरा त्याच्या रिपोर्टवर छापला गेला. मी सही केली. मी वाचत नाही असं नाही, पण त्या दिवशी चाळीस रिपोर्ट होते.

आठ दिवसांनी फोन आला. गृहस्थ फार अदबीने बोलत होते.

"म्याडम, रिपोर्ट मिळाला. शेऱ्यात लिवलंय का सात नंबरच्या दारामागं कप्तानाची बायको जित्ती हाय."

मी फोन खांद्याला लावून रिपोर्टची प्रत शोधायला लागले.

"वाचून लई वाईट वाटलं," ते म्हणाले. "पन युरिया किती टाकायचा तेवढं सांगा."

*

मग त्या प्रीक्वेलचा पहिला फोटो आला. दारासमोर कुणीतरी वाकून वेल्डिंग करतंय, तोंडावर मास्क, अंगात बंदराचा गणवेश. मालिकेत इंजिनीअर निळ्या गणवेशात असतात, डॉक्टर हिरव्या. शमुवेलभाऊंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि वीस वर्षांच्या अनुभवाने निकाल दिला.

"डॉक्टर आहे. हिरवा गणवेश. आत रोगाची साथ आलेली असणार, म्हणून डॉक्टरनंच दार लावलं."

आम्ही तिघंही हसलो. गणवेश निळा होता. निळाशार!

"निळं हाय ओ," बबनराव म्हणाले.

"हिरवं आहे."

"पूनम, ब्राइटनेस वाढव," मी म्हणाले.

ब्राइटनेस वाढवला. उन्हात नेऊन पाहिला. तीन दिवस हा वाद चालला. पूनमने त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायला सुरुवात केली, बबनराव सकाळी आल्या आल्या आकाशाकडे बोट करून विचारायचे, "आज हिरवं हाय का?" आणि मीही हसत होते. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर मला आठवायला नको वाटतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी कशासाठी तरी त्यांच्या टेबलाजवळ गेले. सेंद्रिय कर्बाचं टायट्रेशन चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. फ्लास्कमध्ये जांभळट निळा रंग असतो, वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकड्यांच्या काचनळीतून, दुसरं रसायन थेंब थेंब सोडायचं, आणि एका थेंबाला तो निळा जाऊन हिरवा होतो. तिथं थांबायचं. तो थेंब ओळखणं हेच सगळं काम. शमुवेलभाऊंचा फ्लास्क माझ्यासमोर हिरवा झाला. ते थेंब सोडत राहिले. अजून दोन, अजून चार. मग मान तिरकी करून फ्लास्क खिडकीकडे धरला आणि वहीत आकडा लिहिला.

मी जागेवर येऊन मागच्या दोन महिन्यांचे रिपोर्ट काढले. एकाच शेताचे दोन नमुने होते, त्यांचे कर्बाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. खाली सही माझी होती.

*

विचारलं तेव्हा ते टाळाटाळ करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हात पुसले आणि सरळ सांगितलं. काचबिंदू. नगरच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा उशीर झालेला होता. डाव्या डोळ्याचं जवळजवळ संपलं, उजव्याचं चाललंय. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायला थेंब घालायचे. रूथवहिनी, त्यांची बायको, त्यांनाही अजून पूर्ण सांगितलं नव्हतं.

"मॅडम, टेबल जाईल ते कळतंय मला," ते म्हणाले. "फक्त ते दार कुणी लावलं तेवढं या डोळ्यांनी बघू द्या. मग झालं."

म्हणताना ते हसले. मला हसू आलं नाही.

मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी आम्ही चौघांनी एक पद्धत काढली, आणि ती इतकी छान चालली की आम्हाला त्याचा अभिमानच वाटायला लागला. शमुवेलभाऊ थेंब सोडणार, बबनराव शेजारी उभे राहणार आणि रंग बदलला की खोकणार! बबनराव वीस वर्षं तो रंग बघत आलेले, त्यांची नजर चोख. थेंब, थेंब, थेंब, "ख्खॉ!", आकडा. मी प्रत्येक दहावा नमुना स्वतः करून ताडून बघत होते. एकही चुकला नाही.

तीन आठवड्यांनी साहेब बबनरावांना म्हणाले, "एवढा खोकला अंगावर काढू नका," आणि स्वतः जाऊन औषधाची बाटली घेऊन आले. बबनरावांनी ती आमच्यासमोर इमानदारीत संपवली.

मग एक दिवस दुपारपर्यंत बहात्तर नमुने झाले. मी दहावा ताडून पाहिला, जुळेना. विसावा जुळेना. तिसावाही नाही. टेबलाजवळ गेले, तर बबनराव नाकाला उपरणं लावून उभे.

त्यांना खरंच सर्दी-खोकला झाला होता.

*

बहात्तर नमुने मी पुन्हा केले. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही. शेतकरी आमच्या आकड्यावर खत टाकतो, हे मला माहीत होतं, आणि हे मला पद्धत काढली तेव्हाही माहीत होतं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावर एक नवीन पोरगा घेतला आणि शमुवेलभाऊंना फोनवर बसवलं. शेतकऱ्यांना रिपोर्ट समजावून सांगायचा. पूनम आकडे वाचून दाखवायची, हे समजावून सांगायचे. काम त्यांनी उत्तम केलं. शेतकरी फोन करून "त्या साळवे सायबांना द्या" म्हणायला लागले.

शमुवेलभाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. फक्त एकदा, मी डबा उघडत असताना, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, नवीन पोराचा हात थरथरतो का हो थेंब सोडताना?"

"थरथरतो," मी म्हणाले. थरथरत नव्हता.

*

नगरला या मालिकेचे अजून चाहते आहेत, हे पूनमने शोधून काढलं. सावेडीतल्या एका कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलं, कारण ट्रेलर येणार होता आणि तिथं भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्याच दिवशी शमुवेलभाऊंची नगरला डोळ्यांची तपासणी. म्हटलं एका खेपेत दोन्ही होईल. डोक्यात एवढंही आलं नाही की तपासणीला डोळ्यांत थेंब घालतात आणि मग चार-पाच तास सगळं धूसर दिसतं.

तिथं सात-आठ कॉलेजची मुलं आणि एक बँकेतले गृहस्थ होते. सगळे इंग्रजीत अंदाज बांधत होते. आम्ही चौघं मागच्या टेबलावर. शमुवेलभाऊंच्या डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा.

ट्रेलर सुरू झाला. शमुवेलभाऊंनी बबनरावांचा दंड धरला. "सांगा."

बबनराव सांगायला लागले, आणि त्यांना हळू बोलता येत नाही.

"अंधार हाय."

पुढची दोन मुलं वळून बघायला लागली.

"अजून अंधारच हाय. लांब यक ठिपका हुता, गेला. आता समदा अंधार."

"बबनराव," शमुवेलभाऊ म्हणाले, "तेवढं मला पण दिसतंय."

अख्खं दुकान हसलं. शमुवेलभाऊही हसले. परतीच्या एसटीत मात्र बबनरावांनी त्यांचा दंड राहुरी येईपर्यंत सोडला नाही.

*

त्यानंतर प्रीक्वेलची तारीख पुढं गेली. एकदा सहा महिने, मग पुन्हा पुढं. पूनम दर वेळी बातमी वाचायची आणि वाचून झाल्यावर आम्ही सगळे डब्यात बघायचो.

दुसऱ्यांदा पुढं गेली तेव्हा शमुवेलभाऊ म्हणाले, "विचारून बघतो डॉक्टरांना. माझंही पुढं ढकलता येतं का."

दिवाळीनंतर त्यांना रस्ता ओलांडणं जमेना. रूथवहिनी सकाळी आणून सोडायच्या, संध्याकाळी न्यायला यायच्या. मग एका सोमवारी दोघंही आले नाहीत.

*

आता शेवटचा. हा आम्ही आपसांतसुद्धा सांगत नाही.

प्रीक्वेलची तारीख अखेर नक्की झाली. रविवार. ठरलं, की चर्चहून मंडळी घरी आली की दुपारी शमुवेलभाऊंकडे जमायचं आणि पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. बबनराव सांगणार, ते ऐकणार. तोवर शमुवेलभाऊंना खिडकी कुठं आहे तेवढंच कळत होतं.

आम्ही तिघं रिक्षातून निघालो. पूनम मोबाईल बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला. मालिका रद्द. निर्मात्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. पुढं ढकललेली नव्हे, बंद. आता ती कधीच येणार नव्हती आणि दार कुणी लावलं ते कुणालाच कळणार नव्हतं.

"गेल्या गेल्या सांगून टाकायचं," मी म्हणाले. "आधीच सांगितलेलं बरं." दोघांनीही मान डोलावली.

घरात गेलो तर शमुवेलभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. समोर एक स्टूल, त्यावर मोबाईल टेकवायला विटेचा तुकडा, त्याला धुतलेलं फडकं गुंडाळलेलं. रूथवहिनींनी पडदे ओढून घेतले होते. "थिएटरसारखं करा म्हणाले," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"लागली का?" शमुवेलभाऊंनी विचारलं.

मी घसा साफ केला. पूनमने माझ्याकडे पाहिलं.

"लागली की!" बबनराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तेही घाबरलेले दिसत होते. पण शब्द तोंडातून गेला होता. पूनमने थोडा वेळ मोबाईल नुसता हातात धरला, मग तो बंद मोबाईल स्टुलावर विटेला टेकवून ठेवला. आम्ही बसलो.

शमुवेलभाऊंनी एक कान मोबाईलकडे केला.

"आवाज येत नाही," शमुवेलभाऊ म्हणाले.

"अंतराळात कुटला आवाज, शमुवेलभाऊ? हवाच न्हाई तितं."

"तीन सीझन तर धडाधड आवाज यायचे."

"ह्या बारीला खरं दावायचं ठरीवलंय त्यांनी," बबनराव म्हणाले.

शमुवेलभाऊ खुर्चीत मागं टेकून बसले. "बरं. सांगा."

आणि बबनराव सांगायला लागले. बंदर नवं कोरं आहे, अजून रंगाचा वास असेल. माणसं रांगेत बसून जेवतायत, पितळ्या आहेत, वाढपी आहेत. एक बाई पोराला भरवतीय. मग भोंगा वाजला, म्हणजे वाजला असणार, कारण सगळे उठले. पळापळ. आता सात नंबरचं दार आलं. त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला, मला वाटत नाही तो माणूस आयुष्यात कधी इतका हळू बोलला असेल. रूथवहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी स्टुलावरचा काळा मोबाईल पाहिला, आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि ट्रे जमिनीवर ठेवून तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"दारापशी यक जन हुबा हाय," बबनराव म्हणाले. "हातात येल्डिंगचं हाय. लावतोय दार."

शमुवेलभाऊ पुढं झुकले. "कोण आहे?"

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पूनमकडे पाहिलं. पूनमने तोंडाला ओढणी लावली होती.

"बबनराव, तोंड दिसतंय का त्याचं?"

"न्हाई," बबनराव म्हणाले. "पाठमोरा हाय."

शमुवेलभाऊंनी हात पुढं केला, चाचपत चाचपत बबनरावांचा गुडघा सापडला, त्यावर थोपटलं.

"घाई करू नका त्याला," ते म्हणाले. "वळला की सांगा."